मुनाफ बुरोंडकर, निशाणी ढोबळी मिरची

मुनाफ बुरोंडकर मला पहिल्यांदा दिसला तो फ्रीजखाली. सौदीतल्या खोबरमधला जुलै महिना होता. आम्ही नवे नवे आलो होतो, इमारतीची लिफ्ट बंद होती आणि आमचं बिऱ्हाड पाचव्या मजल्यावर जायचं होतं. मुनाफने फ्रीज पाठीवर घेतला होता आणि फ्रीजवर आमचं वॉशिंग मशीन, दोन गाद्या आणि देव्हारा बांधला होता. उजव्या हाताने त्याने एका पठाण ड्रायव्हरची आणि एका इजिप्शियन सुताराची गचांडी एकाच मुठीत धरली होती, कारण त्या दोघांची पार्किंगवरून जुंपली होती. खांदा आणि कान यांच्यामध्ये एक मोबाइल होता, त्यावर तो अरबीत कुणाला तरी झापत होता. दुसऱ्या मोबाइलवर मल्याळममध्ये कुणाचं तरी सांत्वन चाललं होतं. आणि मधल्या मोकळ्या वेळात तो मला मराठीत विचारत होता, "साहेब, पोटाचं ऑपरेशन झालंय ना तुमचं? मग ती पिशवी खाली ठेवा."

पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पठाण आणि इजिप्शियन यांच्यात सोयरीक व्हायचीच काय ती बाकी होती. फ्रीज आत लागला, त्यात पाण्याच्या बाटल्या गेल्या आणि त्या गार झाल्यावरच मुनाफने कपाळावरचा घाम पुसला.

माझी बायको सुहासिनी आजही म्हणते की मजले दोनच होते आणि फ्रीज चौघांनी धरला होता. पण सुहासिनी अकाउंटंट आहे. तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येत नाही.

मुनाफ हा आमच्या कंत्राटदार कंपनीचा कॅम्प बॉस. धाहरानच्या रस्त्याला कामगारांच्या खोल्यांची मोठी वसाहत आहे, तिचा तो सर्वेसर्वा. कोणाला कुठली खोली, कोणाच्या खोलीत एसी गळतोय, नेपाळ्यांच्या स्वयंपाकघरात बंगाल्यांचा मासा कोणी ठेवला, कोणाचा इकामा म्हणजे राहायचा परवाना संपत आला, कोणाला गावी मुलगा झाला, कोणाला झालाच नाही, हे सगळं त्याच्याकडे यायचं. आम्हा इंजिनिअरांचे खोबरमधले फ्लॅटही त्याच्याच राज्यात मोडत. त्याला "नाही" हा शब्द कुठल्याही भाषेत येत नव्हता. "होऊन जाईल" एवढंच तो म्हणायचा आणि आश्चर्य म्हणजे व्हायचं. एकदा आमच्या शेजारच्या बाईंनी लाडाने तक्रार केली की समुद्राची बाजू असूनही खिडकीतून समुद्र दिसत नाही. मुनाफ "होऊन जाईल" म्हणून गेला आणि पुढच्या आठवड्यात समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दोन हात डावीकडे सरकली होती. ती कशी, हे आम्ही विचारलं नाही.

त्याची बायको रईसा आणि कॉलेजात जाणारी लेक लाइबा मुंबईत. वर्षातून एकदा महिनाभर तो घरी जायचा आणि घराचा कॅम्प करून टाकायचा. मोरीच्या दारावर कोणी कधी आंघोळ करायची त्याचा कागद लागायचा. जेवणाची वेळ टळली की स्वयंपाकघर बंद. लाइबाच्या मैत्रिणी आल्या तर त्यांना "भेटीचं कारण?" असं विचारलं जायचं. लाइबा ओरडायची, "अब्बा, प्लीज! धिस इज अवर हाउस!" रईसा फक्त परतीच्या तिकिटाची तारीख मोठ्याने वाचायची.

गंमत अशी की मुनाफला परतच जायचं होतं. दर वर्षी रमझानच्या तोंडावर तो जाहीर करायचा, "खलास साहेब, हे शेवटचं वर्ष." पण घरी जाऊन करायचं काय? आखातातून माणूस आला की गल्लीतले लोक चार दिवस विचारतात "कधी आलास?" आणि पाचव्या दिवसापासून विचारायला लागतात "कधी जाणार?" या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर न सापडल्यामुळे मुनाफ तेवीस वर्षं सौदीत होता.

ते उत्तर त्याला आम्ही दिलं, आणि तेही मस्करीत. त्यामुळे या पुढचं सगळं पाप आमचं.

हिवाळ्यातला एक शुक्रवार होता. गावाबाहेर पोहण्याचा तलाव, गालिचे आणि बकरा शिजवायची भट्टी असलेली आवारं भाड्याने मिळतात, त्यांना इथे इस्तिराहा म्हणतात. तिथे आम्ही सगळे मुंबईवाले जमलो होतो. बकरा भट्टीत, बायका गालिच्यावर, पोरं पाण्यात, आणि दिवे गेले. मुनाफ अंधारात नाहीसा झाला. थोड्या वेळाने दिवे आले, पाठोपाठ मुनाफ आला, आणि त्याच्या पाठोपाठ इस्तिराह्याचा सौदी मालक माफी मागत खजुरांचं तबक घेऊन आला.

आमचा प्लॅनिंग इंजिनिअर रमेश तोंडातलं हाडूक बाजूला ठेवून म्हणाला, "मुनाफभाई, तुम्ही इथे वाया चाललात. लोकसभेला उभे राहा!"

सगळे हसले. इमाद नावाचा आमचा एक तरुण साइट इंजिनिअर आहे, त्याला लगेच चेव आला. "आमच्या घरची अकरा मतं तुमची, मुनाफचाचा!"

"माझ्या आईचं आणि मावशीचं धरा," रमेश म्हणाला.

"माझ्या माहेरची सात," सुहासिनी म्हणाली. ही बाई एरवी पावती घेतल्याशिवाय भाजी घेत नाही.

मग मतांचा पाऊसच पडला. कोणी काका दिले, कोणी साडू दिले, एकाने तर वारलेले सासरेही भरीला घातले. मुनाफ एकटाच हसत नव्हता. तो भाताचं शीत न् शीत वेचून खात होता. शेवटी हात धुऊन तो म्हणाला, "बघू. होऊन जाईल."

महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. साधी रजा टाकून गेला असता तर गोष्ट वेगळी, पण कंपनी एवढी लांब रजा देईना, तेव्हा या माणसाने फायनल एक्झिट घेतली. म्हणजे इकामा रद्द, कॅम्पातली खोली गेली, तेवीस वर्षांची खुर्ची गेली, मागचा रस्ता बंद. रमेश त्याला समजवायला गेला आणि जाहीरनामा लिहून देऊन परत आला.

रईसाला ही बातमी त्याने आमच्या घरून दिली, फोन स्पीकरवर ठेवून. बहुधा साक्षीदार असलेले बरे म्हणून.

"उभं राहणार म्हणजे?" रईसा म्हणाली. "तुम्ही आधी बसा."

"रईसा, लोकांचा आग्रह आहे."

"कुठल्या लोकांचा?"

"मुंबईच्या लोकांचा!" मुनाफने आमच्या दिवाणखान्यावरून हात फिरवला. आम्ही माना खाली घातल्या.

"लाइबाचे अब्बा, आपल्या बिल्डिंगचा वॉचमनही तुम्हाला पाहुणा समजतो. मागच्या वेळी त्याने तुमची वहीत सही घेतली."

"मी नोटाला मागे टाकून दाखवीन. वरचे पाच-सहा जण राहू देत पुढे."

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग रईसा म्हणाली, "नोटाबिटा राहू दे. एवढंच करा, शेवटचे येऊ नका. एक तरी माणूस तुमच्या खाली असू दे. मग खुशाल इथे राहा, गाळा घ्या, खुर्ची टाका, लोकांच्या तक्रारी ऐका. मी चहा पाठवीन. पण शेवटचे आलात तर मला गल्लीत तोंड दाखवायचंय. मग आपलं खोबर बरं. तिथे निदान तुम्हाला लोक ओळखतात."

"कबूल," मुनाफ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू निकालच लागला.

एप्रिलमध्ये तो गेला. विमानतळावर कॅम्पातली दोनशे माणसं पोहोचवायला आली होती. सुहासिनीच्या हिशेबाने एकोणीस. त्याने अर्ज भरला, इमारतीतले दहा सूचक गोळा केले आणि निशाणी म्हणून एसी मागितला. एसी आधीच कोणीतरी नेला होता. मग त्याने पाण्याची टाकी मागितली, गॅस सिलिंडर मागितला. शेवटी अपक्षांच्या वाट्याला उरलेल्यांतून त्याला ढोबळी मिरची मिळाली.

आम्ही इकडे पेटून उठलो. व्हॉट्सअपवर गट निघाला. खोबरमध्ये तो महिनाभर घराघरात भरली ढोबळी मिरची होती. दुसरी भाजी करणाऱ्याकडे संशयाने बघितलं जाई. जो तो मुंबईला फोन लावत होता. आई, ढोबळी मिरची. काका, ढोबळी मिरची, विसरू नका. रमेशने तर आईला रोज एक मिरचीचा फोटो पाठवायचा नेम धरला होता. तिकडे मुनाफ गल्लोगल्ली फिरत होता, तुंबलेली गटारं आधी उपसून मग पत्रक देत होता आणि रात्री आम्हाला बसलेल्या घशाने सांगत होता, "साहेब, इथलं मी बघतो. तुमची घरची मतं तेवढी पक्की ठेवा. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर."

मतदानाचा सोमवार उजाडला. आम्ही सगळे ऑफिसात, पण जीव मुंबईत. पहिला फोन रमेशच्या आईचा. रमेशने ऐटीत तो स्पीकरवर टाकला.

"दिलं रे मत. पण मिरची नव्हती."

"नव्हती म्हणजे? आई, नीट बघितलंस का?"

"दोनदा बघितलं. चष्मा लावून बघितलं. मिरची नाहीच. फुलकोबी होती. म्हटलं, भाजीच आहे, तिचंच बटण दाबलं."

रमेश पांढरा पडला. तेवढ्यात सुहासिनीचा माझ्या ऑफिसात फोन. तिच्या माहेरीही मिरची नव्हती. तिच्या वडिलांनी केंद्रप्रमुखाशी भांडण काढलं होतं आणि पोलीस त्यांना पाणी पाजत होते. मग काकांचे फोन आले, साडवांचे आले. मुंबईत कुठेही मिरची नव्हती. "घात झाला," रमेश म्हणाला, "मुनाफभाईंचं नावच उडवलं!" तो तार पाठवायची भाषा बोलू लागला. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

आणि मग इमाद धावत आला. "आहे! आमच्याकडे आहे! अम्मीने स्वतः बघितली. अकराच्या अकरा मतं ढोबळी मिरचीला!"

आम्ही इमादला उचलून घेतलं. ऑफिसातल्या फिलिपिनो मुलीला वाटलं, याचं लग्न ठरलं.

संध्याकाळी आमच्या घरी सगळे जमले, तेव्हा सुहासिनीने चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं, "इमाद, मिरचीच्या समोर नाव काय होतं रे?"

"म्हणजे? मुनाफचाचांचंच असणार."

"विचार ना अम्मीला."

इमादने फोन लावला. त्याची अम्मी म्हणाली, "नाव? बाळकृष्ण घोसाळे का काहीतरी होतं."

"अम्मी! आणि फोटो? मशीनवर फोटो असतो!"

"फोटो वेगळा वाटला खरा. पण मी म्हटलं, इतकी वर्षं सौदीत राहिला, माणूस बदलतो."

खोलीत कोणी कप उचलला नाही. मग सुहासिनीने हळूच एकेकाला विचारायला सुरुवात केली. रमेश, तुझी आई कुठे राहते? बोरिवली. तुमचे साडू? भायखळा. माझं माहेर तर चेंबूर. एकाचं घर विरारला निघालं, एकाचं डहाणूला, म्हणजे ते लोक मुंबईतही नव्हते. त्यात चूक आमच्या आखाती सवयीची. इथे माणूस भेटला की "मुंबई का?" "मुंबई!" एवढं झालं की गळ्यात गळे पडतात. डहाणूपासून कर्जतपर्यंतचा प्रत्येक जण मुंबईचा. कुठली मुंबई, असं पुढे कोणी विचारत नाही. ते फार खोलात गेल्यासारखं वाटतं. पण निवडणूक आयोग खोलात जातो. मुंबईच्या लोकसभेच्या जागा सहा. मुनाफ त्यातल्या एका जागेवर उभा होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला बाकीच्या पाच जागांवरून आणि मुंबईबाहेरूनही भरघोस पाठिंबा दिला होता. इमादचं घर सगळ्यात जवळचं. मुनाफच्या घरासमोर नाला आहे, त्या नाल्यापलीकडे. हद्द नाल्यातून जात होती. आणि नाल्यापलीकडच्या जागेवर कोणी बाळकृष्ण घोसाळे नावाचे गृहस्थ अपक्ष उभे होते. अपक्षांच्या निशाण्या प्रत्येक जागेवर नव्याने वाटतात, त्यांनाही ढोबळी मिरची आली होती.

"मुनाफभाईंना कोण सांगणार?" रमेश म्हणाला.

कोणीच नाही सांगितलं.

जूनच्या चार तारखेला भारतात आठ वाजता मोजणी सुरू झाली तेव्हा खोबरमध्ये साडेपाच वाजले होते. आम्ही रमेशकडे चहा घेऊन धाहरानच्या कंपनीच्या बसमध्ये बसलो. सगळा देश त्या दिवशी याद्यांच्या वरच्या टोकाकडे बघत होता. कोण पुढे, कोण मागे, सरकार कोणाचं. आम्ही मात्र पान उघडलं की बोटाने सर्रकन तळाला जात होतो. बसमधले केरळी लोक विचारत होते, "तुमचा माणूस लीडिंगला आहे काय?" रमेश म्हणाला, "आहे. खालून."

मुनाफ मोजणी केंद्रात आत होता आणि आत फोन नेऊ देत नाहीत. त्यामुळे रईसा घरून फोनवर होती. लाइबा लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी.

"भाऊ, नोटासाहेब फार पुढे गेले हो," रईसा म्हणाली. "एक सभा नाही, एक पत्रक नाही, तरी बघा."

"भाभी, नोटाकडे बघू नका. कंगवा बघा," मी म्हणालो.

कंगवा म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. यादीत सगळ्यांत खाली ते आणि मुनाफ, दोघेच. पाचव्या फेरीनंतर मुनाफ चौदा मतांनी पुढे होता. बसमध्ये टाळ्या वाजल्या. नवव्या फेरीत कंगवा तीन मतांनी वर गेला. रमेशने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती उलटी. दुपारी मीटिंगमध्ये आम्ही सगळे टेबलाखाली बघत बसलो होतो. आमच्या ब्रिटिश मॅनेजरला वाटलं, हे आज फार नम्र झालेत. पुन्हा मुनाफ वर. रईसा आता विनोद करत नव्हती. ती नुसती विचारायची, "किती?" आणि लाइबा आकडा सांगायची. एकदा लाइबाने "अम्मी, अब्बा आर लीडिंग!" असं किंचाळून सांगितलं, तेव्हा रईसाच्या हातातलं काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला.

शेवटच्या फेरीत कंगवा सहा मतांनी वर राहिला.

मुनाफ बुरोंडकर, अपक्ष, चारशे बारा मतं, शेवटचा क्रमांक. शेजारच्या जागेवर बाळकृष्ण घोसाळे यांना आठशेच्या वर मतं होती आणि त्यांच्या खाली चार माणसं होती. इमादने ती यादी उघडली, बघितली आणि फोन खिशात ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

संध्याकाळी मुनाफचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, दुसऱ्या कोणाचे तरी.

"साहेब, लावलाय निकाल, पण काहीतरी राहिलंय मोजायचं," तो म्हणाला. "तुमच्या लोकांची मतं यात दिसत नाहीत."

मी रमेशकडे बघितलं. रमेशने तोंड फिरवलं. शेवटी मीच सांगितलं. बोरिवली, चेंबूर, नाला, सगळं.

"ती पण मुंबईच ना, साहेब?"

"मुंबईच."

"जागा सहा आहेत, ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "एकदा वाटलं, तुम्हा सगळ्यांचे पत्ते विचारावेत. पण मत देतो म्हणणाऱ्याला पत्ता विचारायचा कसा? त्याला वाटेल, विश्वास नाही."

तेवढ्यात रईसाने फोन घेतला असावा, कारण तिचा आवाज आला. "सांगा हो तुम्ही यांना. सकाळपासून जेवले नाहीत. मी ते शेवटचे येऊ नका वगैरे बोलले ते मस्करीत. राहा म्हणावं. मी कुठे जा म्हणतेय?"

"मुनाफभाई, ऐकलंत ना?" मी म्हणालो. "भाभी मस्करीत बोलल्या."

"मस्करीत तुम्हीही बोललात, साहेब," मुनाफ म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो नुसता आठवून सांगत होता. "पण मी कबूल म्हटलं होतं."

रईसाने त्याला गाळा बघायला नेलं. त्याने गाळ्याचं गळतं छप्पर मालकाला फुकट दुरुस्त करून दिलं आणि गाळा घेतला नाही. गल्लीतली पोरं त्याला "मिरचीचाचा" म्हणत. लोक प्रेमाने हाक मारत, पण पाचव्या दिवसाचा तो प्रश्नही विचारत. ऑक्टोबरात एका एजंटने व्हिसा आणला.

मुनाफ सध्या जिझानला आहे, सौदीच्या पार दुसऱ्या टोकाला, एका दुसऱ्या कंपनीत. रजा दोन वर्षांतून एकदा मिळते.